तिसऱ्या आणि चौथ्या खेळाडूमधली जागा

१

मावशीच्या कामाच्या खोलीत शिरलं की आधी हात धुवायचे, मग पुसायचे, मग पुन्हा पुसायचे. दोनदा का, असं मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. मावशीने माझा अंगठा एका काचेवर टेकवला आणि ती काच दिव्याखाली धरली. ठसा इतका स्वच्छ उमटला होता की पोलीसही खूश झाले असते. "हा फोटोवर बसला की आपल्या दोघींपेक्षा जास्त जगतो," ती म्हणाली. तेव्हापासून मी तीनदा पुसते.

मावशी खेळांचे जुने फोटो तपासते. कुणाकडे सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या सामन्याचा नाहीतर संघाचा फोटो असतो. तो खरंच त्या काळात छापलेला आहे की नंतर कुणी नक्कल काढली आहे, हे त्याला लेखी हवं असतं. मावशी कागदाची जाडी मोजते, कडा बघते, शिक्क्याची शाई बघते, जांभळ्या दिव्याखाली धरते. नवा कागद त्या दिव्यात धुतलेल्या शर्टासारखा चमकतो, जुना मेल्यासारखा पडून राहतो. सगळं जुळलं तर ती प्रमाणपत्रावर सही करते. आणि फोटो हातात आला की ती आधी पाठ बघते. "तोंडाला सगळे भुलतात," असं तिचं म्हणणं.

शाळा सुटल्यावर मी इथेच येते, कारण आई आठशिवाय कामावरून सुटत नाही. यंदा मावशी स्टुलावरून पडली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, त्यामुळे तिचा उजवा हात मी झाले. नोंदवही मीच लिहिते, भिंग मीच धरते. मावशी मला टिपकागद म्हणते, कारण मी सगळं टिपते आणि आवाज करत नाही. तिची मुलगी, म्हणजे माझी ताई, शाळेच्या हॉकी संघाची कप्तान आहे. ती मला मूकपट म्हणते.

दोघींचं बरोबरच आहे. वर्गात माझ्याकडे कुणी वळून बघितलं तरी माझे कान तापतात. सामन्यांना मी गुण लिहायला बसते, कारण गुण लिहिणारीशी कुणी बोलत नाही. या खोलीत मात्र मला कशाचं दडपण येत नसे. इथे जे असतं ते मोजता येतं, आणि मोजण्यात मी चुकत नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे, म्हणून सांगते.

२

ऑक्टोबर संपता संपता एका जुन्या हॉकी क्लबचे चिटणीस आले. अंगात क्लबचा कोट, त्याचं मधलं बटण तुटलेलं, आणि बोलणं नळ उघडा राहिल्यासारखं. त्यांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला.

"शंभरावं वर्ष आहे आमचं. भिंतभर फोटो लावणार आहोत. पण मंडळाला तुमचा कागद पाहिजे. नाहीतर उद्या कुणी उठायचं आणि म्हणायचं, हे काल छापून आणलंत."

"कुठून आले?" मावशीने विचारलं.

"आमच्या गोलकीपरच्या धाकट्या भावाकडून. तो पेपरात फोटो दुरुस्तीचं काम करायचा. म्हणजे फोटोत नको असलेलं रंगवून झाकायचं, हवं ते उठून दिसेल असं करायचं. पेपर बंद पडून चाळीस वर्षं झाली, पण पठ्ठ्याने हे दोन फोटो कुणाला हात लावू दिले नाहीत. सप्टेंबरात गेला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता."

"आणि गोलकीपर?"

"ठणठणीत आहेत. एक्याण्णव. त्या संघातले ते एकटेच उरलेत. समारंभाचे पाहुणे तेच." मग ते पुढे झुकले. "त्यातल्या एका फोटोत कुणाला तरी रंग मारून उडवलंय, बाई. क्लबातलं राजकारण, दुसरं काय. तो रंग तेवढा काढून द्या. बिचाऱ्याचा चेहरा तरी दिसू दे."

"मी फोटो तपासते. साफ करत नाही."

"तसं नका म्हणू."

"बघू," मावशी म्हणाली. 'बघू' म्हणजे नाही, हे मला माहीत होतं. चिटणिसांना नव्हतं.

ते गेल्यावर मी डबा उघडला. मऊ कागदात गुंडाळलेले दोन फोटो. त्यांच्याखाली दोन केसांइतक्या टोकाचा एक कुंचला, राखाडी रंगाची पिळून चपटी झालेली नळी आणि एक चिनी मातीची बशी. बशीतला रंग वाळून तडकला होता. मावशीने एकदा बघितलं आणि म्हणाली, "ते राहू दे तिथेच. त्याचं प्रमाणपत्र कुणी मागितलेलं नाही."

३

दोन्ही फोटो एकाच मैदानावरचे, एकाच भिंतीसमोरचे, लागोपाठच्या दोन वर्षांचे. १९५४ आणि १९५५. मागे सहा जण उभे, पुढे पाच बसलेले, पायांशी हॉकीच्या काठ्यांची फुली. दुपारचं ऊन. उभ्या सहाही जणांनी हातांची घडी घातलेली आणि पाठ भिंतीला टेकलेली.

कागद खरा होता. जाडी, कडा, पेपराचा शिक्का, काळ्या भागांवर आलेली चांदीची झाक, सगळं जिथल्या तिथे. मी भराभर खुणा करत गेले.

चोपन्नच्या फोटोत उभ्या रांगेत तिसऱ्या आणि चौथ्या माणसाच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. बाकी सगळे खांद्याला खांदा लावून होते. पंचावन्नच्या फोटोत तीच जागा, तिथेच. तिसरा माणूस मात्र बदलला होता. चोपन्नला तिथे एक उंच खेळाडू होता, चिटणिसांच्या यादीप्रमाणे सेंटर हाफ. पंचावन्नला तो संघातच नव्हता. त्याच्या जागी गोलकीपर उभा होता.

रंग होता तो पंचावन्नच्या फोटोत. मी दिवा टेबलालगत आडवा धरला. तिरक्या उजेडात कागदावरचा कणसुद्धा डोंगरासारखी सावली टाकतो. मोकळ्या जागेवर माणसाच्या उंचीचा एक राखाडी पट्टा होता, भिंतीच्या रंगात बेमालूम मिसळलेला. काम फार सुंदर होतं. थरावर थर होते, पापडासारखे.

"म्हणजे उडवलंच कुणाला तरी," मावशी म्हणाली.

"पण सावली नाही."

"कसली?"

"गवतावर उभ्या माणसांच्या सहाच सावल्या आहेत. सातव्याची सावली झाकायची तर गवतावरही रंग पाहिजे. तिथे रंग नाही."

मावशीने भिंग घेतलं, बघितलं, ठेवलं. "लिही तसं."

मी लिहिलं. आणखी एक गोष्ट लिहिली, कारण ती दिसत होती. गोलकीपरचा डावा खांदा, म्हणजे मोकळ्या जागेकडचा, उजव्यापेक्षा तीन मिलिमीटर खाली होता. पट्टी लावून मोजलं. चोपन्नच्या फोटोत सेंटर हाफचे खांदे सरळ होते.

शेवटी पाठ राहिली. खरं तर ती आधी बघायची. पण रंगाच्या नादात मी नियम मोडला आणि मावशीच्याही लक्षात आलं नाही. पंचावन्नच्या फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने बारीक तारखा होत्या, तीन रांगा. वर्ष नाही, नुसता दिवस आणि महिना. सगळ्या नोव्हेंबरातल्या, दहा ते सोळाच्या मधल्या.

पेपरवाले फोटो वापरला की मागे तारीख टाकतात. जितक्या तारखा तितक्यांदा तो छापून आला. हे मला झोपेतही माहीत आहे. मी मोजल्या आणि ऐटीत नोंद केली: 'एकोणसत्तर वेळा प्रसिद्ध. दरवर्षी नोव्हेंबरात, बहुधा क्लबच्या वर्धापनदिनी. सुरुवातीचं अक्षर ठाम, शेवटचं थरथरतं, म्हणजे वेगवेगळे कारकून.'

"शाबास," मावशी म्हणाली. तिला एवढं बारीक अक्षर दिसत नाही. ती माझ्या डोळ्यांवर विसंबते.

४

चिटणिसांनी आठवड्यात चार फोन केले. शेवटी मावशी म्हणाली की रंग कसला आहे हे प्रमाणपत्रात लिहावं लागणारच आहे. तेव्हा नखाएवढी एक खिडकी उघडू, म्हणजे तेवढाच रंग काढू, तोही गोलकीपरच्या खांद्याजवळ, चेहऱ्याच्या वाटेला जायचं नाही.

असल्या रंगावर थुंकीसारखं औषध नाही. ऐकायला घाण वाटतं, पण मोठमोठ्या संग्रहालयांत हेच करतात. कापूस काडीला गुंडाळायचा, जिभेला लावायचा, आणि न दाबता गोल गोल फिरवायचा. मावशीचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून कापूस माझ्या जिभेला.

"नखाएवढी," तिने बजावलं आणि स्वयंपाकघरात दूध बघायला गेली.

रंग लोण्यासारखा सुटला. वरचा थर, त्याखालचा, त्याखालचा. कापूस राखाडी व्हायचा, मी नवा घ्यायचे. चवीला खडूसारखं लागत होतं. नखाएवढी जागा झाली आणि त्यात काहीतरी उजळ दिसलं, पण काय ते कळेना. माझा हात छान चालला होता. आणखी एक नख. आणखी एक.

तो हात होता. गोलकीपरच्या डाव्या खांद्यावर ठेवलेली चार बोटं.

मी भिंग लावलं. जुन्या फोटोत कुणीच पूर्ण स्पष्ट नसतं. माणसं श्वास घेतात, डोळे मिचकावतात, कडा किंचित पुसटतात. या फोटोतले अकराही जण तसे होते. ती चार बोटं मात्र सुईने कोरल्यासारखी होती. जो कुणी होता, तो अजिबात हलला नव्हता.

मावशी आली, खिडकीचा आकार बघून तिने माझ्याकडे बघितलं, पण ओरडली नाही. नियमाप्रमाणे कॅमेऱ्याने नोंदीचा फोटो घेतला. "चला. माणूस होता. चिटणीस पेढे वाटेल."

"मावशी, उभे सहा जण आहेत. सगळ्यांच्या घड्या. बारा हात मी आधीच मोजलेत."

"बरं मग?"

"हा तेरावा. आणि सातव्या माणसाची सावलीच नाही."

"मागे उभा असेल कुणी."

"मागे भिंत आहे. त्यांच्या पाठी टेकल्यात भिंतीला."

मावशीने दुधाचा कप माझ्यापुढे सरकवला. "टिपकागद, आपण कागद तपासतो. पाहुणे मोजत नाही. पी."

मी प्यायले. तोंडातली खडूची चव गेली नाही.

५

दोन दिवसांनी, नोव्हेंबरच्या दहा तारखेला, चिटणीस गोलकीपर आजोबांना घेऊन आले. फोटोतल्या खेळाडूंची ओळख त्यांच्याकडून पक्की करून घ्यायची होती. आजोबा उंच, वाकलेले, दाढी गुळगुळीत केलेली. दारातच त्यांनी मला विचारलं, "काय बाळ, बूट काढू की गोल सोडू?" मला हसू आलं.

चोपन्नच्या फोटोवर त्यांनी भराभर बोट नाचवलं. हा शिंप्याचा मुलगा, ह्याला मिशी फुटत नव्हती, हा भाऊबंदकीत गेला. सेंटर हाफपाशी बोट थांबलं.

"हा आमच्यातला सगळ्यात चांगला. फोटो काढला आणि महिन्याभरात नदीवर पोहायला गेला. कपडे मिळाले. घडी करून ठेवलेले."

"आणि ही मधली जागा?" मावशीने विचारलं.

"ती आम्ही सोडलीच नव्हती. फोटोवाला ओरडत होता, जवळ या, जवळ या. आम्ही एकमेकांना चिकटून उभे. छापून आला तर हा असा." ते हसले. "पुढच्या वर्षीही तसंच."

मी पंचावन्नचा फोटो पुढे केला. आजोबांनी मान फिरवली, झटकन, एखाद्याचे कपडे बदलणं चालू असावं तशी.

"नको. तो मी बघत नाही. धाकट्याने शपथ घातली होती."

"अहो, आता ते गेले," चिटणीस म्हणाले.

"शपथ मी घेतलेली, मी आहे ना अजून." डाव्या खांद्याला ते उजव्या हाताने चोळत होते. "दर नोव्हेंबरात फोन यायचा त्याचा. 'झालं, दादा.' एवढंच म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. काय झालं, मी कधी विचारलं नाही. एक वर्ष तो दवाखान्यात होता, तरी डबा मागवून घेतला आणि फोन केला. आता यंदा कोण करणार?"

"मी करतो फोन," चिटणीस म्हणाले. "झालं, दादा. बस?"

सगळे हसले. आजोबाही हसले. खांदा चोळणं थांबलं नाही.

"दुखतोय का?" मावशीने विचारलं.

"परवापासून. कुणी वजन टाकल्यासारखा. वय झालं, बाई." जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू काय करतेस इथे?"

माझ्याकडे एक वाक्य होतं. मी परवा तो रंग काढला. चार-पाच शब्द. माझे कान तापले आणि मी म्हणाले, "मदत."

"छान," आजोबा म्हणाले.

६

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला मला ते आपोआप दिसलं. फळ्यावर काहीतरी वेगळंच चाललं होतं.

पेपर बंद पडून चाळीस वर्षं झाली. बंद पडलेला पेपर फोटो छापत नाही. १९५५ पासून गेल्या वर्षापर्यंत, पहिलं वर्ष धरून, किती नोव्हेंबर होतात ते मी वहीच्या मागे मांडलं. एकोणसत्तर. कारकून वेगवेगळे नव्हते. ठाम अक्षर आणि थरथरतं अक्षर एकाच माणसाचं होतं. तो म्हातारा होत गेला, एवढंच. तारखा छापल्याच्या नव्हत्या. नव्याने रंग दिल्याच्या होत्या.

आधी पाठ बघितली असती तर कदाचित मी बोळा जिभेला लावला नसता. कदाचित लावलाही असता. मी नेहमी बरोबर असते, याची मला तेव्हा फार सवय झाली होती.

शाळा सुटल्यावर मी धावत गेले. मावशी प्लास्टर दाखवायला दवाखान्यात गेली होती, किल्ली शेजारी होती. मी हात धुतले, तीनदा पुसले. बशीत पाण्याचे दोन थेंब टाकले आणि वाळलेला रंग कुंचल्याने भिजवला. तो लगेच ओला झाला, जणू परवाच वापरला असावा. मग खणातून फोटो काढला.

खिडकीत भिंत होती. नुसती भिंत, विटांच्या सांध्यांसकट. आणि खांदा, ज्यावर काही नव्हतं.

मी फोटो उलटा केला, तारखा बघितल्या, पुन्हा सुलटा केला. दुसरा फोटो तर नाही ना, म्हणून कोपऱ्यातली दुमड तपासली. तोच होता. मग माझ्या हातांनी पट्टी घेतली आणि गोलकीपरच्या खांद्यांवर ठेवली. उजवा, डावा. दोन्ही एका रेषेत होते.

खोलीत इतकं शांत होतं की ओल्या रंगाला तडा गेल्याचा आवाजही मला ऐकू आला असता. मी पाठीमागे बघितलं नाही. कपाटाला काच आहे, तिच्यातही बघितलं नाही.

फोन वाजला. चिटणीस होते. आज पहिल्यांदाच ते हळू बोलत होते. आजोबा दुपारी जेवून आरामखुर्चीत बसले होते, बसल्या जागीच गेले. "एक्याण्णव वर्षांचे होते गं," ते म्हणाले. "सोनं झालं. मावशीला सांग."

७

मावशीला मी सगळं सांगितलं. आयुष्यात इतकं सलग मी कधी बोलले नव्हते. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. मग संगणकावर तिने स्वतः घेतलेला नोंदीचा फोटो उघडला. त्यात चार बोटं होती. शेजारी टेबलावर खरा फोटो ठेवला. त्यात भिंत होती. ती एकदा पडद्याकडे आणि एकदा टेबलाकडे बघत राहिली. ताई जेवायला बोलवायला आली, परत गेली, आम्ही तशाच.

"रंगाचा ओघळ असेल," मावशी म्हणाली. मग स्वतःच मान हलवली. "नाही. ओघळाला पेरं नसतात."

तिने दोन्ही फोटो मऊ कागदात गुंडाळले. डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात चिटणिसांना चार ओळी लिहिल्या. ते दुसऱ्या दिवशी तावातावाने आले.

"कागद खोटा आहे का?"

"कागद खरा आहे."

"शिक्का खोटा आहे?"

"शिक्काही खरा."

"मग सही का नाही करत?"

"कारण तुम्ही आणलात तो फोटो आणि आज मी परत देते तो, हे एकच आहेत असं मला लिहून देता येत नाही."

चिटणिसांना वाटलं, मावशीने अदलाबदल केली. तसं ते म्हणालेही, आणि बावीस वर्षांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. तिने ऐकून घेतलं. ते फोटो घेऊन गेले, रागात डबा विसरले. मावशीने तो वरच्या फळीवर टाकला.

"संपलं," ती मला म्हणाली. मीही मान डोलावली. कारण आजोबा गेले होते, संघात दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि जिथे मोजायला काही उरत नाही तिथे हिशेब संपतो असं मला वाटत होतं.

८

पुढच्या शनिवारी शाळेच्या मैदानावर हॉकी संघाचा फोटो काढला. सहा जणी उभ्या, पाच बसलेल्या. मी जमिनीवर कडेला, मांडीवर गुणांची वही. फोटोवाला ओरडत होता, "पोरींनो, जवळ या. अजून जवळ. मधे कशाला जागा सोडता?"

"अहो काका, अजून जवळ आलो तर एकीच्याच अंगात बसू," ताई म्हणाली. सगळ्या हसल्या. मी मान वर करून बघितलं. खांद्याला खांदा होता. उन्हाची फटसुद्धा नव्हती.

गुरुवारी ताई फोटो घेऊन आली. दप्तर आपटलं आणि फोटो माझ्या पुढ्यात टाकला. "बघ बाई, तुझ्या भिंगातून. त्या काकांना फोटो काढता येत नाही. मला मुद्दाम वेगळं काढल्यासारखं आलंय." मग मान वाकडी करून डावा खांदा दाबला. "आणि कालच्या सरावात काय झालंय कोण जाणे. बाम कुठे असतो गं?"

"आईच्या कपाटात," मी म्हणाले. "तुझ्या आईच्या."

ती आत गेली. मी फोटो आधी पालथा घातला. पाठ कोरी होती, नवी, पांढरीफटक. मग सुलटा केला, एका श्वासापुरता. ताई उभ्या रांगेत तिसरी. तिच्या आणि चौथीच्या मध्ये एका माणसाची जागा, मागे शाळेची भिंत. ताईचा डावा खांदा खाली.

भिंग हाताशी होतं. आडवा दिवाही होता. मला सगळं बघता येतं, ते माझं काम आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ठरवलं की बघायचं नाही. तिथे काय आहे हे समजून मला काही मिळणार नव्हतं. ताई मात्र मला हवी होती.

मी स्टुलावर चढून डबा काढला. बशीत पाणी टाकलं. रंग शाळेच्या भिंतीपेक्षा जरा काळपट होता, म्हणून खडूची पूड मिसळली. कुंचला जिभेला लावून टोक काढायची सवय असते लोकांना, मी नाही लावला. वरून खाली, एकसारखा, कडेला पातळ. नजर मी कुंचल्याच्या टोकावर ठेवली आणि टोकाच्या पुढे कुठेही जाऊ दिली नाही. खांद्याजवळ आले तेव्हा कागद थंड लागला. हात हलला नाही. माझा हात कधीच हलत नाही.

आत बामच्या बाटलीचं झाकण बंद झाल्याचा आवाज आला. ताई दारात उभी.

"काय करतेयस गं मूकपट?"

"डाग होता. काढला."

ती खांदा गोल फिरवत होती, पुढे, मागे. "कमाल आहे, बाम लावायच्या आधीच थांबलं." मग वाकून फोटो बघितला. "अरे, छान दिसतंय. जागाच कळत नाही."

ती गेल्यावर मी मऊ पेन्सिलीला टोक काढलं. फोटो पालथा घातला आणि वर डाव्या कोपऱ्यात, शक्य तितक्या बारीक अक्षरात, तारीख घातली. वर्ष लिहिलं नाही.

मग पट्टी ठेवून मोजलं. तीन रांगा केल्या आणि अक्षर असंच ठेवलं, तर पाठीवर नव्वद तारखा मावतात. मी पंधरा वर्षांची आहे. जागा पुरेल.